आधी बियाणे, मग कपाट

वास्तुशांत झाली, पाहुणे परतले आणि नव्या घरात आता घरचीच माणसे उरली. भिंतींना अजून चुन्याचा वास आहे. गाठीचा पैसा स्लॅबनेच खाल्ला. अशा वेळी शेजारीण सहज म्हणते, "एवढे घर बांधले, आणि आत साधे कपाट नाही!" तो शब्द मनाला लागतो आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या दुकानातून हप्त्याने सामान येते. वाचक बंधु-भगिनींनो, चूक होते ती इथेच.

आपल्याकडे वास्तुशांत बहुधा वैशाखात उरकतात. लगेच जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. बी, खत, मजुरी सारे एकदम दारात उभे राहते. तेव्हा हाती रोकड नसेल, तर सावकाराचे दार ठोठवावे लागते.

हप्त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, रोखीने कपाट 12,000 रुपयांना आहे. हप्त्याने घेताना आज 2,000 भरायचे आणि पुढे दरमहा 1,000 प्रमाणे 12 हप्ते. बेरीज झाली 14,000. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो, आपले उत्पन्न मात्र हंगामाला. पिकाने ओढ दिली तरी हप्ता थांबत नाही.

मग घर रिकामे ठेवायचे का? मुळीच नाही.

ज्यांचे बांधकाम अजून चालू आहे, त्यांनी गवंडी आहे तोवरच भिंतीत कोनाडे आणि शहाबादी फरशीचे कप्पे करून घ्यावेत. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट धरले आहे. एवढ्या जागेत कपाट उभे केले, तर माणसांनी बसायचे कुठे? भिंतीतला कप्पा जागा अडवत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि गंजही चढत नाही. घर पुरे झाले असेल, तर लोखंडी ब्रॅकेटवर फळ्या ठोकून घ्याव्यात.

लोखंडी पेटी दोन-दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालची ओल लागत नाही. वर गोधडीची घडी टाकली की तीच बसायला बाक होते. जुन्या बाजेचा सांगाडा मजबूत असेल तर नुसती नवार बदलावी. बांबूची मांडणी करायची असेल, तर ओले बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावेत आणि मग सावलीत वाळवावेत. पाण्यात त्यांतला गोडवा निघून जातो आणि भुंगा कमी लागतो.

सासूबाईंची पितळेची पातेली नव्या स्टीलच्या हौसेपायी मोडीत घालू नका. मोडीचा भाव हाती येतो थोडा आणि नव्या भांड्याला पदरचे पैसे घालावे लागतात. कल्हई करून घेतली की तीच पातेली पुन्हा चुलीवर चढतात.

आता दोघांनी मिळून एक यादी करावी. सासू-सासऱ्यांनाही विचारावे. पाणी, धान्य, अंथरूण आणि दिवा यांची सोय पहिल्या महिन्यात. बाकीचे सारे सुगीनंतर, आणि तेही एका हंगामाला एकच मोठी वस्तू, रोखीने. तोवर एक पावसाळा घरात राहून होतो. झड कोणत्या खिडकीतून आत येते, कोणत्या भिंतीला ओल धरते, हे ध्यानात येते. त्या भिंतीला नवे कपाट लावले असते तर काय झाले असते, हेही कळते.

शेजारीण पुन्हा विचारील, तेव्हा हसून सांगा, "कपाट यायचे आहे हो, पण आधी शेतात पेरून ठेवले आहे."