हसवणुकीची शाळा (भाग ४) : घाबरणाऱ्याचा चेहरा

मूकपटांतली पडझड, पाठलाग आणि फजिती आपण मागच्या भागात पाहिली. तीच धांदल मराठीत आणणारा एक सिनेमा आज घेऊ : १९८५चा ‘धूमधडाका’. ‘छोटा जवान’मध्ये (१९६३) बालकलाकार म्हणून दिसलेल्या महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट.

कथानक मूळचं तमिळ. श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’वरून (१९६४) हिंदीत ‘प्यार किये जा’ (१९६६) निघाला आणि तेच कथानक कोठाऱ्यांनी मराठीत आणलं. नायकाचं लग्न जमावं म्हणून त्याचा मित्र त्याच्या श्रीमंत बापाचं सोंग घेतो. अशोक सराफांचा हा पाइप ओढणारा, खोकणारा बनावट बाप आजही लोकांच्या तोंडी आहे. हे सोंग बनावट आहे हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक, मुलीच्या बापाला मात्र पत्ता नाही. ही तफावत जितकी ताणावी तितका हशा वाढतो.

या सिनेमाचा खरा धडा मात्र एका साध्या प्रसंगात आहे. सिनेमा काढायच्या वेडाने झपाटलेला मुलगा वडिलांना भयकथा सांगतो. तमिळमध्ये नागेश आणि बालय्या, हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश, मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर. भूत नाही, देखावा नाही. लक्ष्मीकांत हातवारे करत, तोंडाने आवाज काढत रंगत जातात आणि समोर तळवलकर हळूहळू आक्रसत जातात. नीट पाहिलं तर टाळी घेणारी करामत सांगणाऱ्याची असते, पण हशा पिकतो तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. तळवलकर मनापासून घाबरतात, म्हणूनच आपण हसतो. त्यांनी ‘मी विनोद करतोय’ असं जरा जरी दाखवलं असतं, तर प्रसंग तिथेच कोसळला असता.

भीती आणि हसू यांची ही जोडी कोठाऱ्यांनी पुढे सोडली नाही. १९९३च्या ‘झपाटलेला’त रामदास पाध्यांच्या हातून घडलेला तात्या विंचू हा बाहुला जिवंत झाला आणि जागा बदलल्या : वडिलांना घाबरवणारे लक्ष्मीकांत आता ‘लक्ष्या’ होऊन स्वतःच घाबरू लागले. बाहुला काय करतोय हे प्रेक्षकाला दिसतं, लक्ष्या ओरडून सांगतो, पण कुणाला पटत नाही. म्हणजे तफावतीचं सूत्र पुन्हा तेच, फक्त भीती आता खरी होती.

तुमच्या सोसायटीने यंदा गणपतीत पडदा लावायचं ठरवलं, तर ‘धूमधडाका’ जरूर लावा. भयकथेचा प्रसंग आला की सांगणाऱ्यावरची नजर काढा आणि फक्त तळवलकरांकडे पाहा. विनोदी नटाची खरी मेहनत ऐकण्यात असते, हे तिथे लख्ख दिसेल.

(पुढच्या आठवड्यात : ‘अशी ही बनवाबनवी’ आणि वेशांतराचा विनोद)