धान्य राखणाऱ्या मांजराचा घरगुती आहार

जळगाव व धुळे जिल्ह्यांत ज्वारी, बाजरी व भुईमुगाचा माल घरात आला, की त्यामागोमाग उंदीरही येतात. कणगी व कोठीची राखण व्हावी, म्हणून पुष्कळ शेतकरी मांजर पाळतात. तथापि, त्याच्या आहाराकडे सहसा लक्ष दिले जात नाही. कळण्याच्या भाकरीचा कुस्करा व वाटीभर दूध एवढ्यावर मांजराचे भागते, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे.

मांजर हा मांसाहारी प्राणी होय. टॉरिन नावाचा पोषक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही; तो मांस व मासे यांतूनच मिळतो. त्याच्या अभावी डोळ्यांतील पडदा झिजून मांजर आंधळे होते, हे १९७५ साली प्रयोगाने दिसून आले. याच उणिवेमुळे हृदयही दुर्बल होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. आंधळे मांजर उंदीर काय धरणार?

मांजर उपाशी ठेवले म्हणजे अधिक उंदीर मारते, हाही गैरसमज होय. उपाशी मांजर अन्नाच्या शोधात दूर भटकते. घरी खाणे मिळणारे मांजर कोठाराजवळ राहते आणि पोट भरलेले असले, तरी शिकार सोडत नाही.

आहार तयार करण्याची रीत

एका मोठ्या मांजराकरिता दररोज १०० ते १५० ग्रॅम कोंबडीचे मांस घ्यावे. त्यात कोंबडीच्या हृदयाचे तुकडे असावेत. त्यांत टॉरिन भरपूर असते. ते थोड्या पाण्यात शिजवावे व पाणी फेकू नये, कारण टॉरिन त्यात उतरते. हाडे काढून टाकावीत. नुसत्या मांसात चुना कमी असतो. म्हणून अंड्याच्या वाळलेल्या कवचाची बारीक पूड चिमूटभर मिसळावी. हे अन्न गार करून दोन वेळा विभागून द्यावे. मासे द्यावयाचे झाल्यास शिजवून, काटे काढून द्यावेत. काळीज आठवड्यातून एकदाच, लहानसा तुकडा द्यावा.

कांदा-लसूण घातलेली उरलेली भाजी किंवा रस्सा मांजराला कदापि देऊ नये. त्याने रक्त नासते. मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही. पिण्यास स्वच्छ पाणी ठेवावे.

शाकाहारी घरी उकडलेले अंडे देता येईल. परंतु अंड्यात टॉरिन अल्प असते. अशा मांजराला ते मुख्यतः उंदरांतूनच मिळते. म्हणून अशा घरी उंदरांकरिता विषारी आमिष ठेवणे विशेष घातक ठरते; विष खाल्लेला उंदीर खाऊन राखणदार मांजरच मरू शकते. शेतात आमिष वापरणे भागच असेल, तर तेवढे दिवस मांजर घरात बांधून ठेवावे, त्याच्या आहाराची सोय करावी व मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

ग्रामकार्यकर्त्यांनी उंदीर नियंत्रणाची माहिती देताना ही गोष्टही शेतकऱ्यांस समजावून सांगावी. मांजर अंधारात ठेचाळू लागले, धापा टाकू लागले किंवा खाईनासे झाले, तर त्याला विलंब न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.