प्रतिपिंडाची साक्ष

कपाशीच्या कोवळ्या पानाचा तुकडा थोड्या पाण्यांत चुरडून त्यांत कागदाची पट्टी बुडविली म्हणजे बियाणें बी. टी. आहे कीं नाहीं हें कांहीं मिनिटांत समजतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं प्रत्यक्ष पाहिलें असेल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें अशा पट्ट्या तयार केलेल्या आहेत. दोन रेघा उमटल्या तर बी. टी., वरची एकच उमटली तर नव्हे. परंतु रेघ उमटते कशी व तिच्यावर विश्वास किती ठेवावा, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. त्या पट्टीवर जो पदार्थ बसविलेला असतो त्यास प्रतिपिंड म्हणतात. दवाखान्यांतील कित्येक निदानें व प्रयोगशाळांतील अनेक शोध याच पदार्थावर अवलंबून आहेत. म्हणून त्याची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रतिपिंड हें कांहीं कृत्रिम द्रव्य नव्हे. घटसर्पाची लस टोंचल्यावर जनावराच्या रक्तांत जें रक्षक द्रव्य उत्पन्न होतें तेंच हें. परक्या पदार्थाचा एखादा लहानसा कोपरा ओळखून त्यास घट्ट चिकटणें, हा त्याचा धर्म. सर्पदंशावरील औषधासाठीं घोड्यांस थोडथोडें विष टोंचून त्यांचें रक्त घेतात, हें सर्वश्रुत आहे. प्रयोगशाळेंत घोड्याऐवजीं ससा किंवा बकरी घेतात, व विषाऐवजीं जें प्रथिन शोधावयाचें तें टोंचतात. परंतु अशा रक्तांत नाना तऱ्हेचीं प्रतिपिंडें मिसळलेलीं असतात, आणि ससा मेला कीं तो वाण संपला. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोहलर व मिलस्टीन या दोघांनीं उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी व न थांबतां वाढणारी कर्करोगाची पेशी यांचा संयोग करून, एकाच जातीचें प्रतिपिंड अखंड देणारा वाण निर्माण केला. याबद्दल त्यांस १९८४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शुद्ध बियाण्याची किंमत जाणणाऱ्यास या शोधाची थोरवी निराळी सांगावयास नको.

आतां हें प्रतिपिंड शोधतें काय तें पाहूं. शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत सर्व जनुकें असतात, परंतु तीं सर्व एकदम काम करीत नाहींत. पाटाला पाणी आहे म्हणून सगळ्याच वाफ्यांत एकदम सोडीत नाहींत. कोणतें दार केव्हां फोडावयाचें तें दारें धरणारा गडी पाहतो. जनुकांचीं अशीं दारें धरणारीं कांहीं प्रथिनें असतात. स्त्रियांचें संप्रेरक जें इस्ट्रोजेन, त्यास धरून जनुकांवर जाऊन बसणारा ‘इस्ट्रोजेन ग्राही’ हें त्यांपैकींच एक. स्तनाच्या कर्करोगांत हा ग्राही आढळल्यास टॅमॉक्सिफेनसारखें औषध लागू पडण्याचा संभव असतो. नसल्यास त्याचा उपयोग होत नाहीं. गांठीचा पातळ काप घेऊन त्यावर प्रतिपिंड टाकतात. तें ग्राहीस चिकटलें तर रंगद्रव्याच्या योगानें पेशींचीं केंद्रकें तपकिरी दिसूं लागतात. रंगाशिवाय तें प्रथिन सूक्ष्मदर्शकासही ओळखूं येत नाहीं. म्हणजे या तपासणींत साक्षीदार काय तें एकटें प्रतिपिंड.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. एका गांवीं ‘गणू बाळा’ या एकाच नांवाचे तीन खातेदार होते. एकाच्या थकबाकीची नोटीस आमच्या हातून दुसऱ्यास लागली, आणि त्या बिचाऱ्यानें मुकाट्यानें पैसे भरले! आजाचें नांव व सर्व्हे नंबर ताडून पाहिला असता तर ही चूक झाली नसती. प्रतिपिंडाचेंही असेंच होतें. तें सबंध प्रथिन पाहत नाहीं, एक कोपरा पाहतें. तसाच कोपरा दुसऱ्या प्रथिनास असला तर त्यासही चिकटतें, व रंग तोच येतो.

१९९६ सालीं स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेंतील शास्त्रज्ञांस आणखी एक इस्ट्रोजेन ग्राही सांपडला. तेव्हांपासून पहिल्यास आल्फा व दुसऱ्यास बीटा म्हणूं लागले. माणसांतील आल्फाची सांखळी ५९५ दुव्यांची, बीटाची ५३० दुव्यांची. जनुकास धरणारा भाग मात्र दोहोंचा जवळजवळ एकच, जणूं सख्खे भाऊ. बीटा ओळखण्यासाठीं बाजारांत पुष्कळ प्रतिपिंडें आलीं. कुपीवर नांव स्पष्ट छापलेलें. आंत द्रव दोन-चार थेंब, किंमत भारी. त्यांच्या भरंवशावर स्तनाच्या कर्करोगांत बीटा आहे असें कोणी लिहिलें, तर कोणी नाहीं असें लिहिलें. आहे म्हणणाऱ्यांतही तो हितकर कीं अपायकर यावर एकमत होईना. असा वाद वीस वर्षें चालला.

शेवटीं २०१७ सालीं स्वीडनमधीलच कांहीं शास्त्रज्ञांनीं अशीं १३ प्रतिपिंडें एकत्र घेऊन त्यांची उलटतपासणी केली. रीत सरळ होती. ज्या पेशींत बीटा खात्रीनें आहे व ज्यांत खात्रीनें नाहीं, अशा दोहोंवर प्रतिपिंड टाकावयाचें. नसलेल्या ठिकाणींही रंग आला तर साक्ष खोटी. शिवाय ज्यास तें चिकटलें त्या प्रथिनाचें वजन बीटाइतकें भरतें काय, तेंही पाहावयाचें. रोग्याच्या कापावर बीटासच ओळखणारें प्रतिपिंड १३ पैकीं एकच निघालें. त्याचें नांव पी. पी. झेड. ०५०६, आणि गंमत अशी कीं, तेंच आजवर फारसें कोणी वापरीत नव्हतें! त्याच्या साह्यानें ४४ निरोगी व २१ कर्करोगग्रस्त प्रकारचे नमुने तपासले. वृषण, अंडाशय इत्यादि ठिकाणीं बीटा आढळला. ज्याच्याविषयीं एवढें भांडण, त्या स्तनांत, निरोगी अगर रोगी, त्याचा मागमूसही लागला नाहीं. चुकीची नोटीस आम्हांस महिन्याभरांत परत घेतां आली. येथें मात्र वीस वर्षांचे कागद फिरून वाचणें आलें.

घरांतील एखाद्या बाईच्या अहवालांत ‘ई. आर.’ असा शेरा असतो, तो आल्फाविषयींचा होय, बीटाविषयींचा नव्हे. तेव्हां वरील हकीकत वाचून कोणीं चालू औषध सोडूं नये. आल्फाच्या प्रतिपिंडांची साक्ष रोग्यांच्या पुढील अनुभवाशीं अनेक वर्षें ताडून पाहिलेली आहे. चांगल्या प्रयोगशाळेंत रोग्याच्या कापाबरोबर ग्राही असल्याची खात्री असलेला दुसरा एक कापही रंगवितात, व तो रंगला तरच निकाल देतात. शंका वाटल्यास तो काप रंगला होता काय, एवढें डॉक्टरांस अवश्य विचारावें. कपाशीच्या पट्टीवरील वरची रेघ हीच ती तपासणी आहे. ती उमटली नाहीं तर खालची रेघ असो वा नसो, ती पट्टी टाकून दुसरी घ्यावी.