सुरुंग काढणारी जहाजे कुठे आहेत?

नागपूर जिल्ह्यातल्या कुहीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण आमच्या धानाच्या बांधीत पडणारे डीएपी बहुतांशी समुद्रावरूनच येते, कधी तयार खत म्हणून, तर कधी कच्चा माल म्हणून. बंदराच्या तोंडाशी शत्रूने चार सुरुंग पेरले, तर ते आणणारे जहाज बाहेरच अडकेल.

सुरुंग काढणाऱ्या जहाजाला माइनस्वीपर म्हणतात. नौदलात असताना मी अशा जहाजावर खलाशी होतो. जहाजामागे लांब पोलादी दोर सोडायचा आणि फ्लोट तो बाजूला ताणून धरायचा. तळाला साखळीने बांधलेला सुरुंग दोरात आला, की कटर साखळी तोडायचा आणि सुरुंग वर यायचा. मग तोफेने तो उडवायचा. सरावातही तो काळा गोळा पाण्यावर दिसला, की डेकवर कुणी बोलत नसे. आता तर तळाशी पडून लोखंडाचा आणि आवाजाचा माग घेणारे सुरुंग असतात. ते हुडकायला सोनार लागतो आणि जहाजही शक्यतो फायबरचे असावे लागते. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्शियन आखातात काही तासांच्या अंतराने अमेरिकेच्या दोन युद्धनौका सुरुंगांच्या स्फोटांत सापडल्या. एवढ्या बलाढ्य नौदलाची ही गत!

आपण सोव्हिएत रशियाकडून १२ माइनस्वीपर घेतली होती. त्यातले शेवटचे ‘आयएनएस कोझिकोड’ एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि असे एकही जहाज उरले नाही. दक्षिण कोरियाच्या कंपनीशी चाललेला व्यवहार दलालांच्या आरोपांमुळे २०१४ मध्ये रद्द झाला. मग काम गोवा शिपयार्डकडे आले. परदेशी तंत्रज्ञानाची बोलणी २०१८ मध्ये फिसकटली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने नव्या जहाजांच्या गरजेला मान्यता दिली. ही फक्त पहिली पायरी. निविदा, करार, बांधणी, चाचण्या, सगळे अजून पुढे आहे.

अशा खरेदीवर नजर ठेवणारी व्यवस्था आहे. १९९३ पासून संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी नौदलाच्या खर्चाची छाननी करते, अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, म्हणजे कॅगचे, अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात आणि १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. ३७२ कोटींचे गोसीखुर्द धरण हजारो कोटींवर कसे गेले, हे विचारणारा कॅग आमच्या तालुक्याला चांगला ठाऊक आहे, कारण आमची गावे त्या धरणाच्या पाण्याखाली गेली. त्याच कॅगने २०१६ मध्ये दाखवून दिले, की नौदलाची मिग-२९के विमाने १६ ते ३८ टक्केच उड्डाणयोग्य असत.

पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. सरकार लेखी उत्तर देते, ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेही त्यात चालून जाते. कॅग बोलतो तो बहुधा पैसा खर्च झाल्यावर. जे विकतच घेतले नाही, त्याचे लेखापरीक्षण कसे व्हावे? शिवाय अनेक वर्षी संरक्षणाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना, एकाच फटक्यात मंजूर होतात. माझ्या मते खरी चूक इथे आहे. गुप्तता शस्त्राच्या तपशिलाला हवी, विलंबाला नको.

कुही रामटेक मतदारसंघात येते. इथल्या खासदारांनी पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात विचारावे: माइनस्वीपरच्या करारावर सही कधी होणार, पहिले जहाज कोणत्या वर्षी मिळणार आणि तोवर मुंबई-विशाखापट्टणमचे जलमार्ग कोण साफ ठेवणार?