घड्याळातले चार आणि आठ

आमचा कुत्रा चिकू बसल्या बसल्या पुढे सरकायचा. मागचे पाय उचललेले, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत, बाहेरच्या खोलीच्या दारापासून थेट खिडकीपर्यंत. पाहुणे हसायचे, आम्हीही हसायचो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जंत झालेत त्याला," म्हणून औषधाच्या दुकानातून जंताची गोळी आणली. फरक पडला नाही, तेव्हा पुन्हा आणली. मग एका सकाळी तो बसायला गेला आणि कळवळून उभा राहिला. शेपटीखाली उजव्या बाजूला लालभडक, तापलेली सूज होती, लिंबाएवढी. दवाखान्यात पोचेपर्यंत ती फुटली. मांडीवरचा टॉवेल पू आणि रक्तानं भिजला आणि सगळ्या रिक्षाभर सडक्या मासळीसारखा वास पसरला.

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, आणि हात पुसत म्हणाल्या, "हे एका रात्रीत झालेलं नाही, ताई. तो कधीपासून सांगत होता तुम्हाला."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. चिकूची जखम भरत आल्यावर मी त्यांना विचारलं, काही दिवस सकाळी तुमच्या टेबलाशेजारी उभी राहू का? त्या हो म्हणाल्या. पुण्यातल्या त्या छोट्या दवाखान्यात मी जे पाहिलं, ते कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही अंगांना, कातडीच्या आत, दोन लहान पिशव्या असतात. मागून पाहिलं आणि तिथं घड्याळाची तबकडी आहे असं धरलं, तर एक चारच्या आकड्यावर आणि दुसरी आठच्या. बोलताना सगळे 'ग्लँड' म्हणतात, पण ग्रंथी असतात त्या या पिशव्यांच्या अस्तरात. त्यांतून झिरपणारा उग्र स्राव पिशवीत साठतो आणि एका बारीक नळीवाटे गुदद्वाराच्या कडेशी बाहेर येतो. पिशव्या दोन स्नायूंच्या मधोमध बसवलेल्या असतात. घट्ट, बांधलेली शी बाहेर पडताना स्नायू ताणले जातात, पिशव्या दाबल्या जातात आणि दोन थेंब शीवर उतरतात. कुत्रा फार घाबरला, तर त्या एकदम रिकाम्या होतात. शेजारच्या खोलीत फटाका फुटावा तसा अचानक वास येतो आणि तो कुठून आला ते माणसांना कळत नाही.

आपल्याला नकोसा वाटणारा तो वास कुत्र्यासाठी ओळखपत्र असतो. दोन कुत्री भेटली की आधी एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, ते त्यासाठी. मांजरांनाही अशा पिशव्या असतात. स्कंक या अमेरिकी प्राण्यानं तर त्याच पिशव्यांचं शस्त्र केलंय.

बिघाड होतो तो पिशवी रिकामी न झाल्यामुळे. शी पातळ असली की दाब पडत नाही. स्राव साठतो, आटतो, मलमासारखा घट्ट होतो आणि बारीक नळीत अडकतो. कुत्र्याला तिथं जडपणा आणि खाज जाणवते, म्हणून तो फरशीवर घासतो, सतत चाटतो, शेपटीच्या बुडाशी चावतो. याच टप्प्यावर लक्ष दिलं तर काम सोपं असतं. नाही दिलं तर जंतूंचा संसर्ग होतो, पू धरतो, गळू होतं आणि शेवटी कातडी फाटून ते बाहेर फुटतं. चिकू शेवटच्या पायरीवर पोचला होता.

पहिल्या सकाळी एक शित्झू आली, पाच वर्षांची. मदतनीस दादांनी तिला टेबलावर उभं केलं. एक हात गळ्याखालून घेऊन डोकं स्वतःच्या खांद्याशी धरलं, दुसरा पोटाखाली घातला. धरणं घट्ट होतं, पण तिच्या कानाशी त्यांचं बोलणं अखंड चालू होतं. डॉक्टरांनी हातमोजा चढवला, तर्जनीला जेली लावली, शेपूट वर धरली आणि क्षणभर थांबल्या. कुत्रीनं श्वास सोडला, तसं बोट आत गेलं, पहिल्या पेराच्या जरा पुढे. अंगठा बाहेर. बोट आणि अंगठ्याच्या मध्ये पिशवी सापडली.

"भरलेलं द्राक्ष असावं तशी लागते," त्या मला म्हणाल्या. "निरोगी कुत्र्यात हरभऱ्याएवढी, मऊ. कधी कधी तर हाताला लागतही नाही."

नळीच्या तोंडाशी त्यांनी दुसऱ्या हातानं कापसाचा बोळा धरला होता, कारण स्राव कधी पिचकारीसारखा उडतो. मग खालून वर, पिशवीच्या तळापासून नळीकडे, अगदी सावकाश दाब. जोर कुठंच नव्हता. कापसावर आधी काही आलं नाही, मग तपकिरी, दाट, टूथपेस्टसारखी वळी आली. पाठोपाठ पातळ पाणी. खोली वासानं भरली. डॉक्टरांनी बोळा फेकला नाही, उजेडाकडे धरून पाहिला. पिवळसर किंवा तपकिरी पातळ असेल तर बहुधा ठीक, वळीसारखं घट्ट असेल तर साठलेलं, हिरवट-पिवळा पू किंवा रक्ताची लकेर असेल तर संसर्ग. डावी बाजू झाली, मग उजवी. शेवटी तेच बोट आत एकदा सगळीकडे फिरवलं. दोन्ही बाजूंना मिळून मिनिटभरही लागलं नसेल.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. मोजा काढून डॉक्टर खुर्चीवर बसल्या आणि मालकीणबाईंना विचारू लागल्या. शी कशी होते, बांधलेली की पसरट? दिवसातून किती वेळा? जेवणात काय? दूध देता? टेबलावरचं काय काय मिळतं? पंजे चाटते का? कान खाजवते का? वजन वर्षभरात किती वाढलं? बाई म्हणाल्या, रोज दूध-पोळी, तिला फार आवडते. डॉक्टरांनी समजावलं की मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, शी सैल होते, आणि सैल शी पिशवीला दाबू शकत नाही. दूध बंद. रोजच्या जेवणात उकडून कुस्करलेला लाल भोपळा दोन चमचे, किंवा वजनाच्या हिशेबानं चिमूट-दोन चिमूट इसबगोल आणि सोबत भरपूर पाणी. पंधरा दिवसांनी दाखवायचं.

"डॉक्टर, दर महिन्याला ग्रूमिंगला नेते तेव्हा ते ग्लँड काढतातच की," बाई म्हणाल्या.

"त्रास नसेल तर काढू देऊ नका. भरलेली नसताना पुन्हा पुन्हा दाबलं की आतून सूज येते, आणि सुजलेली नळी आणखी अरुंद होते. आणि दर महिन्याला दाबायची वेळ येत असेल, तर का येते ते शोधायचं."

मी वहीत लिहून घेतलं: पिशवी का भरली ते शोधायचं. त्या टेबलाशी मला कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. बोटानं आजचा त्रास हलका होतो. उद्याचा त्रास टळतो तो प्रश्नांनी.

हा आजार किती सर्वसाधारण आहे याचा अंदाज लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या अभ्यासातून येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ब्रिटनमधल्या एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या होत्या. वर्षभरात सुमारे ४.४ टक्के कुत्र्यांना या पिशव्यांचा त्रास झाला होता. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, शित्झू, कॉकर स्पॅनियल यांना धोका जास्त, आणि चपट्या तोंडाच्या जातींना लांब तोंडाच्या जातींपेक्षा अडीच पटींहून अधिक. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पग आणि शित्झू घरोघरी दिसतात, हे लक्षात घेतलं की दवाखान्यातली गर्दी समजते. त्यात लठ्ठपणा आणि कातडीची अॅलर्जी यांची भर. अॅलर्जी असलेल्या एका लॅब्रेडॉरची पिशवी डॉक्टरांनी रिकामी केली, पण औषध दिलं ते कातडीचं. पिशवीचं अस्तर हीसुद्धा कातडीच; अंगभर दाह असताना तिथं तो कसा नसेल?

शेजारच्या काकूंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हेही मी तिथंच पाहिलं. सोसायटीच्या फाटकाशी राहणाऱ्या एका गावठी कुत्र्याला दोन मुलं घेऊन आली. तोही घासत होता. त्याच्या पिशव्या रिकाम्या निघाल्या, पण शेपटीखालच्या केसांत वाळलेल्या तांदळाच्या कणीसारखं काही चिकटलं होतं. ते फीतकृमीचे तुकडे. हा जंत पिसवांमधून येतो. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि जंत पोटात जातो. म्हणून गोळी दिली तरी पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय तो परत येतो. घासणं दोघांचं सारखंच, कारणं वेगळी. शेपूट वर करून पाहिल्याशिवाय ती कळत नाहीत. मी चिकूची शेपूट कधी वर करून पाहिलीच नव्हती.

चौथ्या दिवशीची सकाळ मी विसरणार नाही. एक निवृत्त गृहस्थ त्यांच्या अकरा वर्षांच्या कॉकर स्पॅनियलला वार्षिक लसीसाठी घेऊन आले होते. त्रास काही नव्हता. तरी डॉक्टरांनी मोजा चढवला. वयस्क कुत्र्याची ही तपासणी त्या वर्षातून एकदा करतातच. डावी बाजू तपासली. उजव्या बाजूला बोट थांबलं. मग तिथंच, अगदी हलकेच, पुन्हा फिरलं. दादांचं बोलणंही थांबलं.

"काका, हल्ली हा पाणी जास्त पितो का?"

"पितो खरा. भांडं दोनदा भरावं लागतं. उन्हाळा म्हणून असेल असं वाटलं."

पिशवीच्या भिंतीत वाटाण्याएवढी कडक गाठ होती. दाबून रिकामी न होणारी. डॉक्टरांनी काही लपवलं नाही आणि घाईही केली नाही. या पिशवीच्या ग्रंथींचा कर्करोग होतो, तो बहुधा वयस्क कुत्र्यांना आणि एका बाजूला होतो. काही कुत्र्यांत त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग तहान आणि लघवी वाढते. तो कमरेच्या आतल्या लसीकागाठींत पसरू शकतो. म्हणून आजच रक्त, उद्या पोटाची सोनोग्राफी, मग गाठ काढायची शस्त्रक्रिया. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. ती गाठ फक्त त्या बोटाला कळली होती. काका कितीतरी वेळ कुत्र्याच्या लांब कानांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "वेळेत सापडलं ना?" डॉक्टर म्हणाल्या, "लहान असताना सापडलं."

बाकीचं थोडक्यात सांगते. गळू झालेलं असेल तर घरी दाबू नये, ते आत फुटू शकतं. गुंगी देऊन डॉक्टर ते कापून निचरा करतात, पिशवी सलाईननं धुतात, प्रतिजैविक आणि वेदनाशामक देतात. जखम बहुतेक वेळा उघडीच ठेवतात, आतून भरत यावी म्हणून. घरी आपलं काम म्हणजे स्वच्छ फडकं कोमट पाण्यात भिजवून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं शेक, आणि चाटू नये म्हणून गळ्यात कोन. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोचते. त्रास वारंवार होत असेल तर पिशव्या शस्त्रक्रियेनं काढता येतात, पण त्या ज्या स्नायूंत बसलेल्या असतात त्यांच्यावरच शी रोखून धरण्याची भिस्त असते. त्या स्नायूंना किंवा त्यांच्या नसांना धक्का लागला तर शीवर ताबा राहत नाही. म्हणून तो मार्ग शेवटचा, आणि तो हात सरावलेला हवा.

सहा आठवड्यांनी चिकूला पुन्हा टेबलावर उभं केलं. दूध बंद, भोपळा चालू, वजन दीड किलोनं कमी. दादांनी त्याचं डोकं खांद्याशी घेतलं. मी या वेळी भिंतीकडे तोंड फिरवून उभी राहिले नाही. बोट आत गेलं, चारच्या आकड्याशी थांबलं, मग आठच्या.

"रिकाम्या आहेत दोन्ही. स्वतःच होतायत," डॉक्टर म्हणाल्या. "आज काही करायचं नाही."

घरी आल्यावर तो दमून फरशीवर बसला. आता तो बसला की मी आधी बघते: दोन्ही मांड्यांवर सारखा भार आहे ना, एका कुशीला कलत तर नाही ना. सकाळी फिरायला गेल्यावर त्याची शी उचलताना हातातल्या पिशवीतून बोटांना ती घट्ट लागते का, तेही बघते. त्यात आता मला किळसवाणं काही वाटत नाही. त्याला जे सांगायचं असतं, ते तो इथंच सांगतो.