शेवटच्या घरापासून मागे

द्वारका चौकाजवळच्या एका खोलीत मी संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला. माझ्याकडच्या बहुतेक मुलांना विदित व्हायचं असतं. डाव संपला रे संपला की मोबाइल बाहेर निघतो. ‘सर, इंजिन काय म्हणतंय बघू या.’ पटावर मोजके मोहरे उरले की हे इंजिन नेमकं काय करतं, ते मी त्यांना द्वारकेवरूनच समजावतो.

नवखा माणूस द्वारका शोधत गल्लीबोळ हिंडेल. आपण उलट करू. द्वारकेवरच उभं राहू. लागून असलेल्या चौकांवर, म्हणजे काठे गल्ली, सारडा सर्कल वगैरेंवर ‘एक’ लिहू. त्यांच्या मागच्यांवर ‘दोन’. असं सगळं शहर लिहून झालं की कुठूनही निघा, कमी आकड्याकडे चालत राहायचं. यंत्राची द्वारका म्हणजे मात. तिथून एकेक चाल मागे जात, समोरचा सर्वांत चिवट बचाव करणार असं धरून, प्रत्येक स्थितीवर आकडा टाकलेला असतो. या कोशाला टेबलबेस म्हणतात.

युनिक्स घडवणारे केन थॉम्पसन यांनी १९७०च्या दशकातच वजीर विरुद्ध हत्ती या अंताचा असा कोश केला होता. पुस्तकं सांगत, वजीरवाला जिंकतो, सोपं आहे. अमेरिकेचे विजेते ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन बसले, हत्ती यंत्राकडे. हत्ती राजाला चिकटून ठेवावा असं माणसं मानत. यंत्राने तो खुशाल दूर नेला. ५० चालींत ब्राउन यांना जिंकता आलं नाही! मग त्यांनी अभ्यास केला, पुन्हा खेळले आणि बरोबर पन्नासाव्या चालीला हत्ती मारला. हा दुसरा डाव मला फार मोलाचा वाटतो.

आज दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतचा कोश तयार आहे. २०१८ मध्ये पूर्ण झालेला सिझिजी कोश १७-१८ टेराबाइटच्या घरात जातो. मॉस्को विद्यापीठातल्या कोशात तर ५४९ चालींनी मात होणारी स्थिती सापडली. त्यातल्या कितीतरी चालींचं कारण कुठल्याही ग्रँडमास्टरला सांगता येत नाही.

मोहरे सातापेक्षा जास्त असले की मात्र यंत्राला हिशेबच करावा लागतो, आणि हिशेब चुकू शकतो. तरुणपणी एका स्पर्धेत मी मोहरे मारामारीत संपवले आणि एक उंट, एक कडेचं प्यादं वर राहिलो. जिंकलो असं वाटलं. डाव बरोबरीत सुटला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मांडला तर तोही मला चार गुणांनी पुढे दाखवत होता. त्याच्याकडे कोश नव्हता. उंटाचे तीन, प्याद्याचा एक, एवढीच त्याची बेरीज. बाबांनी लाकडी पट घेतला. प्यादं एच फाइलवर, उंट पांढऱ्या घरांचा. काळा राजा त्यांनी एच ८ वर ठेवला. ‘हे घर काळं. तुझा उंट याला हात लावू शकत नाही. काढ बघू बाहेर.’ प्यादं पुढे रेटलं की राजाला हलायला घर नाही आणि शहही नाही, म्हणजे बरोबरीच. पाऊण तास मी झगडलो.

आताची इंजिनं ही स्थिती अचूक ओळखतात. पण प्याद्यांची तटबंदी उभी असेल आणि आत शिरायला वाटच नसेल, तर तीही कधीकधी उगाच आघाडी दाखवत राहतात. वीस चाली झाल्या तरी आकडा जागचा हलत नसेल तर त्याच्यावर शंका घ्या, असं मी मुलांना सांगतो.

परवा एका मुलीने मोबाइल दप्तरात टाकला, राजा एच ८ वर ठेवला आणि विचारलं, ‘सर, याच्या एक चाल आधी हा कुठे असेल?’ आम्ही दोघं मागे मागे जात राहिलो. क्लास सुटला तेव्हा नवव्या चालीवर होतो.