पहिल्यांदाच गोम पाळताय? मग रंग बघून भुलू नका!

घरात गोम दिसली की आपला हात आधी चपलेकडे जातो. पण अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये हीच गोम काचेच्या पेटीत हौसेने पाळली जाते. लालभडक डोकं, पिवळे पाय, वीतभर लांब अंग... असे रील्स पाहून 'आपणही एक आणावी का?' असा विचार अनेकांच्या मनात येतो. नवखे लोक चुकतात ते इथेच. ते रंग आणि लांबी बघून गोम निवडतात. खरं तर बघायला हव्यात तीन गोष्टी : तिचं विष, तिचा वेग आणि आपली चूक ती किती सहन करेल.

गोम चावते म्हणजे नेमकं काय होतं?

गोमीच्या डोक्यामागची पायांची पहिली जोडी अणकुचीदार आकड्यांत बदललेली असते. विष त्यातूनच सोडलं जातं. मोठी गोम चावली की प्रचंड वेदना होतात, सूज येते. माणूस दगावणं अगदीच दुर्मीळ, पण ॲलर्जी असलेल्यांना आणि लहान मुलांना धोका जास्त असतो.

कोणती टाळाल?

'स्कोलोपेंड्रा सबस्पिनिपेस' आणि तिच्या जवळच्या आशियाई जाती. या साधारण २० सेंटीमीटरपर्यंत वाढतात, विजेसारख्या पळतात आणि डिवचलं की लगेच चावतात. याच गटातली चिनी लाल डोक्याची गोम आपल्या १५ पट वजनाच्या उंदराला ३० सेकंदांत गारद करू शकते, असं २०१८च्या एका संशोधनात दिसलं. दक्षिण अमेरिकेतली 'स्कोलोपेंड्रा जायगँटिया' तर ३० सेंटीमीटरपर्यंत जाते. रीलवर या दोघीच जास्त दिसतात, पण पहिल्या प्रयोगासाठी दोन्ही नकोत.

मग कोणती घ्यावी?

अमेरिकेत नवख्यांना बऱ्याचदा 'स्कोलोपेंड्रा पॉलिमॉर्फा' सुचवली जाते. ती मेक्सिको आणि नैर्ऋत्य अमेरिकेच्या कोरड्या भागातली असून आकाराने मध्यम आहे. गोमीच्या अंगावर कीटकांसारखं पाणी धरून ठेवणारं पक्कं आवरण नसतं, त्यामुळे माती सुकली की बऱ्याच जाती पटकन मरतात. वाळवंटी पॉलिमॉर्फा एखाद दिवसाचा विसरभोळेपणा सहन करते. चावली तर दुखतं मात्र भरपूर!

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : ही पेटीत जन्मलेली आहे की रानातून पकडलेली? बाजारातल्या बऱ्याच गोमी पकडून आणलेल्या असतात. त्यांचं वय कळत नाही, कधी अंगावर परजीवीही असतात. नीट सांभाळलेली गोम काही वर्षं जगते, त्यामुळे पेटीत जन्मलेलं लहान पिल्लू घेणं केव्हाही चांगलं.

गोमीच्या आधी पेटी

• पेटीची उंची गोमीच्या लांबीपेक्षा बरीच जास्त हवी. कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या रेषेला धरून ती सहज वर चढते.
• झाकण घट्ट आणि कडी असलेलं. हवेची छिद्रं तिच्या डोक्याहून लहान.
• तळाला काही इंच कोकोपीट, वर झाडाची साल, पाण्याची उथळ वाटी. एक कोपरा कायम ओलसर.
• एका पेटीत एकच गोम. दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाते.
• आठवड्याला एखादं झुरळ किंवा रातकिडा पुरतो. कात टाकताना खायला देऊ नका, उरलेलं भक्ष्यही काढून घ्या. मऊ पडलेल्या गोमीला रातकिडाच कुरतडतो.
• साफसफाई लांब चिमट्यानेच.

हातावर घेता येईल का?

नाही. गोम माणसाळत नाही, रीलमध्ये ती शांत दिसते तो फक्त तेवढाच क्षण असतो. हातावर फिरणारा प्राणीच हवा असेल तर गोम तुमच्यासाठी नाही. आणि पावसाळ्यात आपल्या घरात शिरलेली गोम बरणीत भरून हा छंद सुरू करू नका. बरणी तिच्यावर उपडी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि तिला घरापासून लांब, पालापाचोळ्यात सोडून द्या.